तारे खात्यावर, राबणूक चुलीपाशी : कोकणातल्या होमस्टेवाल्यांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत राहत्या घराच्या खोल्या पर्यटकांना देणारे सर्व यजमान, आणि मुंबई-पुण्यात बसून त्यांचे बुकिंग सांभाळणारी त्यांची मुले, सुना, जावई

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम गणपतीच्या तोंडावर लिहीत आहोत. ज्या फोनवर ओटीपी येतो, तो फोन वर्षभर ठाण्यात किंवा हडपसरला असतो. या आठ-दहा दिवसांत तो घरी येतो. खाली जे सांगितले आहे त्यातले बरेचसे काम त्या फोनशिवाय होत नाही.

आधी घरातली मांडणी पाहू. एअरबीएनबी किंवा बुकिंग डॉट कॉम या खोल्या बुक करण्याच्या संकेतस्थळांवर नोंद मुलाने केलेली असते. ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा, पॅन त्याचा, बँक खाते त्याचे आणि होमस्टेच्या पानावर फोटोही त्याचाच. खोल्या झाडणे, चादरी बदलणे, पहाटे घावन घालणे, रात्री अकराला पोचलेल्या पाहुण्याला पिठी-भात वाढणे हे आई किंवा वहिनी करते. पाहुणा परत जाऊन लिहितो, ‘यजमान फार अगत्यशील’, आणि त्याच्या वर ज्याला त्याने कधी पाहिलेही नाही अशा माणसाचा हसरा फोटो असतो. यात मुलाची लबाडी नाही. कोणीतरी नोंद करायला हवी होती, त्याने ती केली. पण त्याचे परिणाम पुढे येतात.

अशा संकेतस्थळांवर मिळालेली पत घराला चिकटत नाही, खात्याला चिकटते. एअरबीएनबीचे खाते दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. उद्या मुलगा परदेशी गेला, त्याला कंटाळा आला, किंवा भावाभावांत वाटण्या झाल्या, तर पाच वर्षांचे रिव्ह्यू त्याच्या खात्यात राहतात आणि चुलीपाशी बसलेली बाई शून्यापासून सुरुवात करते. ज्या भागात एका सातबाऱ्यावर पंधरा नावे असतात, तिथे हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक घरात येणारच.

म्हणून पहिले काम. नवी नोंद करणार असाल तर जो घरात राहतो आणि पाहुण्याला सामोरा जातो, त्याच्या नावाने करा. आईच्या नावाने करायची तर तिचे पॅन, आधार, तिच्या एकटीचे बचत खाते आणि तिच्या नावाचे सिमकार्ड एवढे हाताशी हवे. घराचा ग्रामपंचायतीतला नमुना 8 चा उतारा आणि महावितरणचे बिल ज्याच्या नावावर आहे त्याचे संमतिपत्र साध्या कागदावर का होईना, घेऊन ठेवा. पर्यटन संचालनालयाच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदणी करताना जागेची कागदपत्रे दाखवावीच लागतात, आणि नावे एकमेकांशी जुळली नाहीत की अर्ज तिथेच अडकतो. खाते आधीच मुलाच्या नावाने चालू असेल आणि त्यावर चांगले रिव्ह्यू जमले असतील, तर ते मोडू नका. एअरबीएनबीवर ‘को-होस्ट’, म्हणजे सह-यजमान, नेमण्याची सोय आहे. आईचे वेगळे खाते उघडायचे, ओळखपत्र पडताळून घ्यायचे, आणि मुलाच्या खात्यातून तिला को-होस्टचे आमंत्रण पाठवायचे. अधिकार देताना तीन पायऱ्या दिसतात : फक्त कॅलेंडर, कॅलेंडर आणि संदेश, किंवा पूर्ण. निदान मधली पायरी तरी द्या. पैसे मुलाच्या खात्यात जमा होत असतील तर तिथून घरच्या खात्यात दरमहा रक्कम जाईल अशी स्थायी सूचना बँकेला द्या. ‘लागतील तेव्हा मागून घे’ हा हिशेब नव्हे.

संदेशांचे अधिकार का, तर उत्तराला घड्याळ लावलेले असते. चौकशी आली की 24 तासांत उत्तर गेले पाहिजे, नाहीतर वेळेत दिलेल्या उत्तरांचे प्रमाण घसरते. बुकिंगची विनंती तर 24 तासांनी आपोआप रद्दच होते. मुलगा लोकलच्या गर्दीत असतो, मग ऑफिसात असतो, आणि रात्री घरी फोन करून विचारतो, ‘शनिवारी खोली रिकामी आहे का गो?’ तोवर पाहुण्याने शेजारच्या वाडीत बुकिंग केलेले असते. घरी नेटवर्क फक्त अंगणातल्या एका कोपऱ्यातच मिळत असेल, तर दिवसातून दोन वेळा, सकाळी आठ आणि रात्री आठ, तिथे जाऊन संदेश पाहायचे हा नेम करा.

आता ताऱ्यांचे, म्हणजे पाहुणा पाचपैकी देतो त्या गुणांचे, गणित. आपल्याकडे शाळेत 60 टक्क्यांना प्रथम श्रेणी आणि 75 ला विशेष प्राविण्य. ज्याला सगळे आवडले असा पुण्याचा पाहुणा चार तारे देतो आणि आपण कौतुक केले असे समजतो. एअरबीएनबीच्या हिशेबात चार तारे ही जवळपास तक्रार असते. ‘सुपरहोस्ट’ ही उत्तम यजमानाची खूण मिळायला गेल्या 12 महिन्यांची सरासरी 4.8 लागते. सोबत किमान 10 मुक्काम (किंवा एकूण 100 रात्रींची 3 बुकिंगे), 90 टक्के उत्तरे, आणि यजमानाने स्वतः रद्द केलेल्या बुकिंगांचे प्रमाण 1 टक्क्याहून कमी. ही तपासणी जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला होते.

4.8 चा अर्थ वहीत मांडून पाहा. एका चार ताऱ्यांची भरपाई करायला चार वेळा पाच तारे लागतात. एका तीन ताऱ्यांसाठी नऊ वेळा. दोन ताऱ्यांसाठी चौदा. आणि एका ताऱ्यासाठी एकोणीस. दोन खोल्यांच्या घराला वर्षात पंचवीस-तीस रिव्ह्यू येत असतील तर एक रागावलेला पाहुणा अख्खा हंगाम खातो. त्यातही नव्या नोंदीची सरासरी तीन रिव्ह्यू झाल्यावरच दिसू लागते, म्हणून पहिले तीन पाहुणे दिवाळीच्या किंवा नाताळच्या गर्दीत घेऊ नका. पाऊस ओसरल्यावर, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, कमी दराने घ्या. पहिल्या तीन बुकिंगांवर 20 टक्के सवलत ठेवण्याचा पर्याय एअरबीएनबी स्वतःच देते.

तारे कशामुळे जातात? बहुतेक यजमान म्हणतील, माशाच्या तिखटामुळे, नाहीतर गादीमुळे. आम्ही जितके रिव्ह्यू वाचले आहेत त्यांवरून आमचे मत वेगळे आहे. तारे जातात ते घरात काय कमी होते यावरून नव्हे, जे कमी होते ते आधी सांगितले नव्हते यावरून. दारात गाडी येत नाही हे ज्याला ठाऊक होते तो पाहुणा पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढताना फोटो काढतो. ज्याला ठाऊक नव्हते, तो दोन सुटकेसी आणि साठी उलटलेली आई घेऊन 80 पायऱ्यांखाली उभा राहतो, आणि त्याचा रिव्ह्यू तिथेच लिहून झालेला असतो. म्हणून वर्णनात ‘शांत, निसर्गरम्य’ हे शब्द एकदाच पुरेत. त्याऐवजी लिहा : गाडी देवळापाशी लावावी लागते, तिथून 200 पावले, त्यांत 80 दगडी पायऱ्या, सामान उचलायला माणूस मिळतो, त्याचे इतके रुपये.

नकाशावरची खूण स्वतः फोनवर चालून तपासा. खाडीकाठच्या गावांत खूण जराशी सरकली तरी नकाशा पलीकडच्या तीरावर नेऊन सोडतो, आणि समोर दिसणाऱ्या घराला यायला तासाभराचा वळसा पडतो. दाभोळ-धोपावे यांसारख्या फेरीबोटीवरून येणारा रस्ता असेल तर शेवटच्या फेरीची वेळ वर्णनात लिहा आणि बुकिंग झाल्यावर पुन्हा संदेशात पाठवा.

मासळीचे तसेच. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तुमच्या पानावर ताटभर सुरमईचा फोटो बाराही महिने झळकत असतो. जूनमध्ये आलेल्या पाहुण्याला तुम्ही सुकट, बांगड्याचे सुके किंवा खाडीतली मासळी मनापासून करून घालता, तो मनातल्या मनात सुरमई मोजत बसतो. 31 मेच्या रात्री तो फोटो खाली उतरवा आणि वर एक ओळ घाला. ऑगस्टमध्ये परत चढवा. पाच मिनिटांचे काम आहे. वेळास, आंजर्लेकडच्या यजमानांना कासवांची गोष्ट वेगळी सांगायला नको. ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी फुटायला साधारण 50 ते 55 दिवस लागतात आणि नेमक्या कोणत्या सकाळी पिल्ले वर येतील ते कोणालाच सांगता येत नाही. ‘पिल्ले दिसतीलच’ असे फोनवर बोलून गेलेला एक शब्द दोन तारे घेऊन जातो.

पाण्याचा हिशेब तर लिहूनच ठेवा. शहरातला माणूस दिवसाला 135 लिटर पाण्याला सरावलेला असतो. सहा पाहुणे म्हणजे 810 लिटर, शिवाय स्वयंपाक, चादरी आणि घरची माणसे. 1000 लिटरची टाकी, एप्रिलमधली आटलेली विहीर आणि दुपारभर गेलेली वीज एकत्र आली की संध्याकाळी नळ कोरडा. दुसरी टाकी परवडत नसेल तर एप्रिल-मेमध्ये कॅलेंडरवर एकच खोली उघडी ठेवा. गरम पाणी सोलरचे असेल तर पावसाळ्यात बंबावर, वेळ सकाळी 7 ते 9, असे लिहिण्यात कमीपणा नाही. उलट बंब पाहायला मुले अंगणात जमतात.

पैशांमुळे पाहुण्याशी असलेले नाते कसे ताणले जाते ते एका उदाहरणाने पाहू. समजा खोलीचा दर 3000 रुपये, आणि तुमच्याकडून 15 टक्के शुल्क घेणारी पद्धत तुम्हाला लागू आहे. शुल्क 450 रुपये. त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, 81 रुपये. हातात उरले 2469. तुमची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असून तुम्ही जीएसटीत नोंदलेले नसाल, तर खोलीभाड्यावरचा जीएसटी संकेतस्थळ पाहुण्याकडून घेऊन भरते. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीला तो 5 टक्के आहे, म्हणजे 150 रुपये. पाहुण्याने मोजले 3150, तुम्हाला पोचले 2469. मधले 681 रुपये दोघांनाही दिसत नाहीत. पाहुणा 3150 च्या खोलीची अपेक्षा घेऊन येतो, तुम्ही 2469 च्या खोलीची सरबराई करता, आणि दोघांनाही वाटते समोरचा चिकट आहे. काही खात्यांना दुसरी पद्धत लागू असते, तीत यजमानाकडून 3 टक्के आणि उरलेले शुल्क पाहुण्याकडून घेतले जाते. तुमच्या खात्याला कोणती लागू आहे ते एका जुन्या बुकिंगची पावती उघडून आधी पाहा. दर त्यानंतर ठरवा.

संकेतस्थळ तुमच्या पैशांतून कापते त्या उद्गम कराचेही (टीडीएस) सांगून ठेवतो. ऑक्टोबर 2024 पासून तो 0.1 टक्के झाला आहे, आणि वर्षभराची विक्री 5 लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीने पॅन किंवा आधार दिलेला असेल तर कापलाच जात नाही. दिलेला नसेल तर 5 टक्के कापला जातो. एवढ्यासाठी तरी पॅन भरा.

जेवणाचे पैसे संकेतस्थळाबाहेर, यूपीआयने किंवा रोख दिले जातात. तिथेच वाद होतात. शाकाहारी थाळी, मासळीची थाळी, कोंबडी-वडे, चहा-न्याहारी यांचे दर आणि लहान मुलांचा हिशेब कागदावर छापून खोलीत लावा, बुकिंग झाले की त्याचाच फोटो संदेशात पाठवा. मासळी त्या दिवशीच्या लिलावातून यायची, म्हणून ताटाची मागणी आदल्या रात्री सांगावी लागेल, हेही त्यात लिहा.

‘थेट दिले तर किती?’ हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. संकेतस्थळावरून आलेले बुकिंग रद्द करायला लावून रोखीत फिरवू नका. खाते बंद पडू शकते, आणि पाहुणा आलाच नाही किंवा सामान मोडून गेला तर दाद मागायला जागा राहत नाही. एअरबीएनबीच्या नियमांत तर पुढच्या वर्षीचे बुकिंगही बाहेरून करा असे यजमानाने सुचवायला मनाई आहे. आमच्या मते इथे दोरी जरा जास्तच ताणली आहे. ज्या माणसाने चार दिवस तुमच्या ओसरीवर जेवण केले, त्याची ओळख शुल्क घेणाऱ्याच्या मालकीची कशी काय होते? पण नियम आहे तोवर स्वतःहून सुचवू नका. घरावर नावाची पाटी लावा, गुगल नकाशावर घराची स्वतंत्र नोंद करा. ज्याला परत यायचे आहे तो गाव विसरत नाही.

एकाच वेळी दोन संकेतस्थळांवर असाल तर कॅलेंडरे एकमेकांना जोडून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. एकीकडचे बुकिंग दुसरीकडे दिसायला काही तास लागतात, आणि सलग सुट्ट्यांच्या आधीच्या गुरुवारी तेवढ्या तासांत दोन कुटुंबे एकाच खोलीवर येतात. मग रद्द करावे लागते. एअरबीएनबीवर यजमानाने रद्द केले तर वेळेनुसार बुकिंगच्या रकमेच्या 10, 25 किंवा 50 टक्के दंड लागतो आणि त्या तारखाही बंद होतात. शंभराहून कमी बुकिंगे असलेल्या घराचे एक रद्दीकरणही सुपरहोस्टची खूण घालवते. वादळासारख्या कारणाला सूट असते, तिथे पुरावा लागतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर महसूल खात्याच्या पंचनाम्यांचे महत्त्व आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तशी वेळ आली तर पंचनाम्याची प्रत आणि पडलेल्या कौलांचे तारखेसह फोटो जपून ठेवा.

रिव्ह्यूबाबत आपली अडचण म्हणजे भीड. एअरबीएनबीवर पाहुण्याला तुम्ही आणि तुम्हाला पाहुणा, असे दोघेही 14 दिवसांत लिहू शकता. दोघांनी लिहीपर्यंत किंवा 14 दिवस संपेपर्यंत कोणालाच दुसऱ्याचे दिसत नाही. ही पद्धत 2014 पासून आहे, आणि सूड म्हणून लिहिण्याची भीती कमी व्हावी हाच तिचा हेतू. तरी आपले यजमान लिहीत नाहीत. ‘जाऊ दे, पाहुणा आहे.’ मग ज्याने गादीवर दारू सांडली तोच पुढच्या महिन्यात दोन वाड्या सोडून तिसऱ्या घरी स्वच्छ नावाने जातो. दोन ओळी लिहा, राग न धरता : रात्री 10 नंतर स्पीकर बंद करायला दोनदा सांगावे लागले, गादीचे कव्हर बदलावे लागले. बुकिंग डॉट कॉमवर जाहीर गुण फक्त पाहुणा देतो, दहापैकी. तिथे गैरवर्तनाची तक्रार संकेतस्थळाकडे करायची असते.

वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यायला एअरबीएनबीवर 30 दिवस मिळतात. पहिल्या रात्री लिहू नका. आणि ते उत्तर त्या पाहुण्यासाठी नसते, पुढच्या वाचणाऱ्यासाठी असते. असे चालेल : ‘दुपारी दोन तास पाणी नव्हते, हे खरे. टाकी 1000 लिटरची होती, आता 2000 लिटरची बसवली आहे.’ खोटे रिव्ह्यू विकत घेण्याच्या नादी तर लागूच नका. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, पण खोट्या रिव्ह्यूंकडे सरकारची नजर वळली आहे.

एक अवघड गोष्ट. फोनवर ‘आडनाव काय म्हणालात?’ हा प्रश्न कशासाठी असतो ते विचारणाऱ्यालाही कळते आणि ऐकणाऱ्यालाही. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नावावरून कृष्णवर्णीय वाटणाऱ्यांच्या विनंत्या एअरबीएनबीवर इतरांपेक्षा 16 टक्क्यांनी कमी स्वीकारल्या गेल्याचे दिसले. पुढे 2018 मध्ये त्या कंपनीने पाहुण्याचा फोटो बुकिंग स्वीकारल्यावरच दाखवायला सुरुवात केली. पण आपल्याकडे जात सांगायला फोटो कुठे लागतो? नाव दिसतेच. वर्णनात नियम लिहायचेच असतील तर वागण्याचे लिहा : रात्रीची वेळ, मद्यपान, स्वयंपाकघराचा वापर. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याला खोली देऊ नये असा कायदा भारतात नाही. ओळखपत्र मात्र प्रत्येकाचे घ्या, आधार असेल तर पहिले आठ अंक झाकलेले. परदेशी पाहुणा आला तर सी फॉर्म म्हणून ओळखली जाणारी ऑनलाइन माहिती 24 तासांत भरावी लागते, आणि हे एका रात्रीच्या पाहुण्यालाही लागू आहे.

शेजाऱ्यांबद्दल थोडे. पूर्वी घर भरले की पाहुण्याला ‘पलीकडे काकांकडे जागा आहे’ म्हणून पोचवले जायचे. आता कॅलेंडर नुसते ‘उपलब्ध नाही’ म्हणते, आणि काकांचे घर त्याच पानावर शंभर रुपये कमी दराने स्पर्धक म्हणून दिसते. विहीर तीच, पाखाडी तीच, गाड्यांची धूळ सगळ्यांच्या अंगणात, तारे एका घराला. वाडीतल्या पाच-सात घरांनी एक साधी वही ठेवली तर निम्मे वाद मिटतात : कोणाकडे कोणत्या तारखेला किती खोल्या रिकाम्या, गाड्या कुठे लावायच्या, सामान उचलायला कोण. मात्र बुकिंग केलेल्या पाहुण्याला न विचारता दुसऱ्या घरी नेऊ नका. आधी संदेशात विचारा, होकार लेखी येऊ द्या, नाहीतर फोटोतले घर वेगळे होते म्हणून पूर्ण परतावा द्यावा लागेल.

विसर्जन झाले की परतीच्या गाड्या भरतील. त्याआधी एक दुपार काढा. आईचे खाते उघडायचे असेल तर फोन चार्ज करून ठेवा, आणि तिच्या पॅनवरचे नाव व जन्मतारीख आधारशी जुळते का ते सर्वांत आधी पाहा. एकीकडे माहेरचे नाव, दुसरीकडे सासरचे. काम तिथेच अडते, आणि दुरुस्तीला वेळ लागतो. दिवाळीला फार दिवस नाहीत.

आपले,
होमस्टेंच्या नोंदी, हिशेब आणि तक्रारी पाहणारे काहीजण